चार पानांचा गौरवग्रंथ

"माझ्यावर गौरवग्रंथ निघतोय! पाचशे पानांचा!"

डॉ. गुणवंत पिंपळापुरे यांनी जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आपल्या घरी, पोह्यांचा पहिला घास घेण्याआधीच ही घोषणा करून टाकली. विनताबाईंनी त्यांच्या ताटलीत लिंबू पिळलं आणि विचारलं, "अच्छा! कोण काढून राहिलं?"

"विद्यार्थी, सहकारी, चाहते. फार आग्रह चाललाय सगळ्यांचा."

"त्यांना सांगितलं का तुम्ही?"

सरांनी पोह्यांत लक्ष घातलं. बायकोच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा त्यांना छत्तीस वर्षांचा अनुभव होता आणि वर्गातल्या प्रश्नांना न देण्याचा चौतीस वर्षांचा.

सहा पिढ्यांपूर्वी भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून जबलपूरला आलेलं हे पिंपळापुरे घराणं. पूर्वजांनी तलवार चालवली, निदान घरात तसं सांगतात. सरांनी पेन चालवलं, पण फक्त सहीपुरतं. विद्यापीठात ते इतिहासाचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख. त्यांना एक सिद्धी प्राप्त होती: कोणताही कागद ते न वाचता सही करत! रजेचा अर्ज असो, चारशे पानांचा प्रबंध असो, पाण्याच्या कूलरची दुरुस्ती असो, कागद समोर आला की सरांचं पेन आपोआप चालू लागे. कोणी म्हणालंच, "सर, एकदा वाचून घ्या," तर सर हसून म्हणत, "वाचत बसलो तर सह्या कधी करू?" हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं, की दिवसातून दोनदा तरी ते म्हणायला मिळावं म्हणून ते कागदांची वाट बघत.

आता एवढ्या थोर माणसाला गौरवग्रंथाची घाई काहून झाली? तर कारण होती खोली नंबर सात.

निवृत्ती अडीच महिन्यांवर आलेली. खोली नंबर सात म्हणजे विभागातली कोपऱ्यावरची खोली. खिडकीबाहेर कडुनिंब, आत विभागातला एकमेव एसी, उंच पाठीची फिरती खुर्ची, दारावर पितळी पाटी आणि दाराबाहेर स्टुलावर बळीराम शिपाई. या खुर्चीत दुपारी एक ते तीन सरांची समाधी लागे. घरी मात्र विनताबाईंनी निवृत्तीनंतरचं वेळापत्रक तयार करून फ्रिजवर चिकटवलं होतं. सकाळी भाजी, मग गिरणी, मग गच्चीवरच्या टाकीची सफाई. समाधीला कुठेही जागा ठेवलेली नव्हती.

यातून वाचण्याचा मार्ग एकच होता. निवृत्त होणाऱ्या एका प्राध्यापकाला 'मानद प्राध्यापक' करायचं आणि खोली नंबर सात त्यालाच द्यायची, असं कुलगुरूंनी ठरवलं होतं. पण त्याच दिवशी विभागातून निवृत्त होत होत्या डॉ. हेमलता मॅडम. या बाईंना एक वाईट खोड होती. त्या रोज वर्गावर जात! उन्हाळ्यातही! विद्यार्थी त्यांना ओळखत, आणि त्याहून भयंकर म्हणजे त्या विद्यार्थ्यांना नावानं ओळखत. अशा माणसाशी स्पर्धा करायची कशी?

कुलगुरू बैठकीत म्हणाले होते, "जिनके लिए लोगों के मन में आदर हो, पद उन्हीं को देंगे." हेमलता मॅडमनी एक साधा अर्ज भरला आणि त्या तासावर निघून गेल्या. सरांनी मात्र त्याच क्षणी ठरवलं, की लोकांच्या मनातला आदर छापून, बांधून, वर सोनेरी अक्षरं घालून कुलगुरूंच्या हातात ठेवायचा.

संपादक म्हणून नेमणूक झाली योगेशची. योगेश सरांचा संशोधक विद्यार्थी. त्याचा प्रबंध दोन वर्षांपासून सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. न वाचता सही करणाऱ्या सरांनी नेमका हाच कागद काहून अडवला, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. सही झाली असती तर योगेश गेला असता, आणि मग सरांच्या ईमेलना उत्तरं कोणी दिली असती? शिवाय प्रबंधाची जाडी चहाचा कप ठेवायला अगदी बरोबर होती.

"योगेश, तीस जणांना पत्रं टाक. 'सरांच्या आठवणी पाठवा' म्हणून. आणि बघ, लोक तुटून पडतील!"

योगेशनं पत्रं टाकली. महिना गेला. लेख आले शून्य! उत्तरं मात्र तीसच्या तीस आली आणि सगळ्यांचा मतलब एकच होता: "सर, तुम्हीच लिहून पाठवा, मी सही करून देतो."

यात राग येण्यासारखं काही नव्हतं, ती विद्यापीठाची जुनी रीतच आहे. विद्यार्थी आपलं शिफारसपत्र आपणच लिहून आणतो आणि सर सही करतात. प्रबंधावरचा बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल मार्गदर्शक लिहून पाठवतो आणि परीक्षक सही करतो. इथे दुसऱ्याबद्दल कोणीच काही लिहीत नाही. ज्याची स्तुती त्यानंच लिहायची, असा शिरस्ता. मग सरांना वेगळा न्याय कसा मिळणार?

"ठीक आहे! मीच लिहितो! माझ्याइतकं मला ओळखतो तरी कोण!" असं म्हणून सरांनी बाह्या सरसावल्या.

आणि चमत्कार झाला. अकराला येणारे सर साडेदहाला येऊ लागले. दुपारची समाधी बंद झाली. जे थोडेफार तास नावाला वेळापत्रकात होते, तेही 'सर लेखनात आहेत' म्हणून रद्द झाले. विद्यार्थ्यांना हे तास आहेत हे त्या सूचनेमुळेच पहिल्यांदा कळलं! सर भूगोलाच्या शुक्लांच्या नावानं लिहिताना गहिवरत आणि संस्कृतच्या तिवारींच्या नावानं लिहिताना स्वतःला श्लोकात गुंफत. पहिले पाच लेख असे झरझर उतरले, की सहाव्याला हात घातला तेव्हा सरांच्या लक्षात आलं, आपले गुण संपले.

काहीतरी प्रसंग हवा होता, म्हणून सरांनी भेडाघाटचा काढला.

सतरा वर्षांपूर्वी विभागाची सहल भेडाघाटला गेली होती, आणि तिथे कड्यावरच्या आग्या मोहोळाच्या माश्या उठल्या होत्या. एवढं खरं. पुढचं सरांनी लिहिलं: 'तेव्हा सरांनी आपला कोट काढून आठ विद्यार्थ्यांना त्याखाली घेतले आणि स्वतः माश्यांचे दंश सोसत उभे राहिले!' वाक्य लिहून सरांचेच डोळे भरून आले. पुढच्या लेखात कोटाखाली पंधरा विद्यार्थी आले. विसाव्या लेखापर्यंत ती संख्या साठावर गेली, आणि तिसाव्यात एकशे बारा विद्यार्थी एका कोटाखाली सुखरूप उभे होते! सहलीची बस बावन्न जणांची होती, पण इतिहासकारानं क्षुद्र तपशिलात अडकू नये.

मधल्या मजकुरासाठी सर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा आपला परिचय उचलत. तोही त्यांचाच लिहिलेला. 'ज्ञानतपस्वी, विद्यार्थिप्रिय, मितभाषी' वगैरे. तीसही लेखांत तो जसाच्या तसा बसला.

एकतिसावा लेख विनताबाईंच्या नावानं लिहून सरांनी तो त्यांना वाचून दाखवला. "'हे रात्रंदिवस अभ्यासात गढलेले असत आणि पहाटे मला त्रास नको म्हणून आपला चहा आपणच करून घेत...'"

"थांबा," विनताबाई म्हणाल्या. "तुम्हाला गॅस पेटवता येतो?"

"अगं, भावार्थ बघ!"

"काही नाही बघत. माझं नाव काढून टाका. उद्या बहिणी वाचतील अन् म्हणतील, विनता झोपून राहते अन् बिचारे भाऊजी चहा करून राहिले. मला माहेरी तोंड दाखवायची जागा नाही राहणार."

तो लेख बाद झाला. पण ग्रंथात सामान्य माणूस हवा, या विचारानं सरांनी बळीरामला आत बोलावलं. बळीराम मूळचा कुंडमकडचा. त्याचा आजा वऱ्हाडातून तिकडच्या जंगलाच्या कामावर आला आणि तिथेच राहिला. सव्वीस वर्षं बळीराम सरांच्या दाराशी होता.

"बळीराम, या कोऱ्या कागदावर सही कर. तुझा लेख मी लिहितो."

"कोऱ्यावर काहून, साहेब? मीच सांगतो नं. माही पोरगी अवंती कॉलेजात जाते, ते लिहून देईन."

सर खूश! एक लेख तरी फुकट सुटला! दोन दिवसांनी अवंतीच्या टपोऱ्या अक्षरातली चार पानं आली. सरांनी ती मोजली आणि वर 'स्वीकृत' लिहून सही केली.

"साहेब, वाचून घेता का जरा?" बळीराम म्हणाला.

"वाचत बसलो तर सह्या कधी करू?"

ग्रंथ तयार झाला. सर स्वतः बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन स्वतःच्या सत्काराची शाल निवडून आले. चार दुकानांतल्या आरशांसमोर त्यांनी ती खांद्यावरून घेऊन, मान किंचित झुकवून, 'याची काय गरज होती' असा चेहरा करून पाहिला. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "भैया, बेटे की शादी है क्या?" शनिवारी अकराला समारंभ ठरला. कुलगुरूंनी यायचं कबूल केलं. खोवा जिलेबी सांगून झाली आणि पत्रिका वाटल्या गेल्या.

आता ग्रंथ विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाकडून छापायचा, तर आधी तो ग्रंथालयातल्या एका संगणकातून जावा लागे. दुसऱ्याचा मजकूर चोरला आहे का, हे तो सांगे. सगळे त्याला 'कोतवाल' म्हणत. चाळीस टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर छपाई बंद आणि लेखकाचं नाव सूचनाफलकावर, असा कडक नियम होता. तो ज्या समितीनं केला तिचे अध्यक्ष होते डॉ. गुणवंत पिंपळापुरे! नियमाखाली सही त्यांची होती, म्हणजे नियम अर्थातच त्यांनी वाचलेला नव्हता.

बुधवारी योगेश खोलीत आला आणि दार लावून उभा राहिला.

"सर, कोतवालची रिपोर्ट आली."

"किती?"

"चौऱ्याण्णव."

"वा! शंभरात चौऱ्याण्णव! मला वाटलंच होतं!"

"सर, आप बैठ जाइए. चौऱ्याण्णव टक्के चोरी आहे."

सर बसलेच होते, ते आणखी बसले. "कोणी कोणाची चोरली?"

"सगळ्यांनी सगळ्यांची, सर. शुक्ला सरांनी तिवारी सरांची, तिवारी सरांनी वर्मा मॅडमची. अन् तिघांनी मिळून तुमच्या वेबसाइटवरची."

"पण लिहिलं तर सगळं मीच आहे! माझंच मी चोरीन कसा?"

"हे कोतवालला कोण समजावणार, सर? त्याला वरची नावं दिसतात. नियम नंबर सहा. तीसही नावं फलकावर लागतील."

"हा नियम कोणत्या गाढवानं केला?"

योगेशनं छताकडे पाहिलं. त्याच्या घरचं वळण चांगलं होतं.

बातमी बाहेर पडायला दहा मिनिटं लागली. अकराव्या मिनिटाला फोन सुरू झाले. पहिले शुक्ला. "पिंपळापुरे जी, यह क्या सुन रहे हैं? मैंने तो एक अक्षर नहीं लिखा!" मग तिवारी. "लेख माझा नाहीच! मी तुम्हाला पुरता ओळखतसुद्धा नाही!" हे तिवारी एकवीस वर्षं शेजारच्या खोलीत बसत होते! संध्याकाळपर्यंत तीसही जणांनी आपापलं नाव काढून घेतल्याची पत्रं आणून दिली. चला, या निमित्तानं तरी आपल्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या हातानं काही लिहिलं, असं सरांना वाटलं. पण ते समाधानही टिकलं नाही. पत्रं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की एकानं मसुदा केला होता आणि बाकी एकोणतिसांनी तो उतरवून घेतला होता. शुद्धलेखनाच्या चुकांसकट!

शुक्रवारी सकाळी सरांनी डोकं हातात धरून विचारलं, "योगेश, आता ग्रंथात उरलं काय?"

"सर, एक लेख पास झाला. बळीरामचा. साम्य शून्य टक्के!"

सरांनी डोकं सोडलं. "शून्य?"

"अगदी शून्य. कोतवाल म्हणतो, असं लेखन आजवर कुठंच झालेलं नाही."

आणि मित्रहो, इथे सरांची प्रतिभा पाहा! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण सरांनी त्या काडीची होडी केली. "अरे, मग हाच ग्रंथ! पाचशे पानांची रद्दी काय करायची? चार पानं, पण अस्सल! वर माझा रंगीत फोटो. 'एका सामान्य माणसाच्या नजरेतून'. कुलगुरू साधेपणावर खूश होतील!"

"सर, वाचून घेता का एकदा?"

"शिपायाची चार पानं काय वाचायची? वाचत बसलो तर सह्या कधी करू? कुठे करू सही?"

"इथे. अन् इथे. अन् इथेही," योगेश म्हणाला आणि त्यानं तीन कागद सरकवले. सरांनी तिन्हींवर सही केली. योगेशनं तिसरा कागद शाई वाळायच्या आत आपल्या पिशवीत सरकवला, पण ते पाहायला सरांचं लक्ष कुठे होतं? ते आरशासमोर मान झुकवत होते.

शनिवारी सभागृह भरलं. विद्यार्थ्यांना अंतर्गत गुणांची आठवण देऊन आणलं होतं. आपलं नाव खरंच निघालं ना, हे पाहायला तीस प्राध्यापक आले होते. पहिल्या रांगेत विनताबाई, दुसऱ्या रांगेत हेमलता मॅडम आणि शेवटी भिंतीला टेकून बळीराम आणि अवंती. सरांच्या खांद्यावर शाल चढली. सरांनी 'याची काय गरज होती' असा चेहरा केला. तो फार सुरेख जमला.

कुलगुरूंनी फीत सोडून ग्रंथ हातात घेतला. उलटला. पुन्हा उलटला. पुठ्ठा सोडला तर ग्रंथाला वजन नव्हतं.

"बड़ा सुगठित ग्रंथ है," ते म्हणाले. "चार ही पन्ने हैं, तो पूरा ही सुन लेते हैं!"

आणि ते वाचू लागले. मूळ लेख हिंदीत होता, मी तुम्हाला मराठीत सांगतो. बळीरामची हरकत नसावी.

'मी सव्वीस वर्षं साहेबांच्या दाराशी आहे. साहेब फार भले. त्यांनी कधी कोणाला त्रास दिला नाही. ते तास घेत नाहीत, म्हणून मुलांना त्रास नाही. पुस्तकांना हात लावत नाहीत, म्हणून मला आवरायचा त्रास नाही. साहेब आत झोपलेले असले की मी बाहेर सांगतो, मीटिंग चालू आहे. खोटं बोलल्याचं पाप मला लागतं, पण साहेब चांगले आहेत म्हणून मी ते घेतो.'

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. खोकला सगळ्या सभागृहात पसरला. सरांचा चेहरा अजून झुकलेलाच होता, फक्त आता तो वर कसा करायचा हे त्यांना सुचत नव्हतं.

'भेडाघाटला माश्या उठल्या तेव्हा मी होतो. त्या वर्षी साहेबांनी एकच लेक्चर दिलं आणि ते तिथं दिलं, हातात भोंगा घेऊन. नाववाले नको म्हणत होते. भोंग्याच्या आवाजानं मोहोळ उठलं. साहेब सगळ्यांच्या आधी बसमध्ये पोचले आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. त्यात साहेबांची चूक नाही, त्यांना माश्यांची माहिती नव्हती. मी कुंडमचा, मला होती. मी पोरांना पालथं निजायला सांगितलं आणि वरून सतरंज्या टाकल्या. मला एकोणीस माश्या चावल्या. साहेबांनी काचेतून पाहिलं. ते फार घाबरले होते. मला त्यांची दया आली.'

आता कोणी खोकत नव्हतं, सगळे उघडउघड हसत होते. तिवारींनी तर, ज्यांची सरांशी पुरती ओळखसुद्धा नव्हती, डोळे पुसले. सरांनी विनताबाईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडावर धरून होत्या आणि पदर हलत होता.

'हा ग्रंथ करताना साहेबांनी तीस माणसांच्या नावानं तीस लेख लिहिले. सकाळी साडेदहाला येत आणि पाचपर्यंत लिहीत. एवढी मेहनत करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माणसानं मनावर घेतलं तर तो काहीही करू शकतो, हे मुलांनी साहेबांकडून शिकावं. माझी विनंती आहे की निवृत्तीनंतरही साहेबांना तीच खोली मिळावी. त्यांना त्या खुर्चीत झोपायची सवय आहे. घरी झोप लागणार नाही.'

सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या विद्यापीठात कोणत्याही ग्रंथाला मिळालेला नाही. सगळ्या टाळ्या भिंतीला टेकलेल्या माणसासाठी होत्या. सर मात्र शालीत शिरता येईल तितके शिरले.

कुलगुरूंनी चष्मा पुसला. "पिंपळापुरे जी, मानद पद तर आता हेमलता मॅडमनाच मिळेल. खोली नंबर सातही." मग सरांचा चेहरा पाहून त्यांना बहुधा बळीरामसारखीच दया आली. "पण नियमानं विभागप्रमुखांचं ना-हरकत लागतं. महिनाअखेरपर्यंत प्रमुख तुम्हीच आहात. आक्षेप असेल तर लिहून द्या. मी फेरविचार करीन."

बस! सरांना एवढंच हवं होतं. सोमवारी सकाळी ते पोह्यांच्या ताटलीवरून गरजले, "अजून प्रमुख मीच आहे! माझ्या सहीशिवाय पानही हलत नाही! असा आक्षेप लिहितो, असा लिहितो, बारा मुद्द्यांचा, की कुलगुरू बघतच राहतील!"

"लिहा," विनताबाई म्हणाल्या. "यावेळी स्वतःच्या नावानं लिहा."

विभागात पोचल्यावर सर खुर्चीत बसले, कडुनिंबाकडे बघत मुद्दे जुळवू लागले. मुद्दा पहिला, ज्येष्ठता. मुद्दा दुसरा, घराणं. तिसऱ्या मुद्द्याशी अडले असताना बळीराम रोजची फाईल घेऊन आला. सरांनी मान आणखी खिडकीकडे वळवली. बळीरामला वाटत होतं, साहेब लेखावर खूश आहेत आणि लाजून राहिले आहेत.

"साहेब, सह्या. आज वाचून घेता का?"

"बळीराम, मी केवढ्या मोठ्या विचारात आहे! वाचत बसलो तर सह्या कधी करू? आण इकडे!"

खडूंची मागणी, सही. कोणाची तरी रजा, सही. कूलरची दुरुस्ती, सही. आणखी तीन कागद, तीन सह्या. बळीराम फाईल घेऊन गेला. अर्ध्या तासानं बारावा मुद्दा सापडला तेव्हा सर उठून उभे राहिले आणि ओरडले, "बळीराम! कुलगुरूंकडून हेमलता मॅडमच्या ना-हरकतीचा कागद यायचा आहे. आला की लगेच माझ्याकडे आण!"

"ते तं झालं, साहेब."

"काय झालं?"

"तुमी सही केली नं आत्ता. कूलरच्या खालचा कागद. योगेश भैया कुलगुरू ऑफिसकडं जाऊन राहिले होते, त्यांच्याच हाती देऊन टाकला."

"योगेश तिकडे काय करतोय?"

"त्यायचा प्रबंध जमा कराले गेले. शुक्रवारी तुमी सही करून दिली म्हणत होते. तीन कागदांतला तिसरा. फार खूश होते, साहेब. तुमच्या पाया पडाले येणार आहेत."

सरांनी टेबलाकडे पाहिलं. चहाच्या कपाखालचा प्रबंध नव्हता आणि कपाचं गोल ओलं वर्तुळ थेट काचेवर उमटलं होतं. "अरे, मग मला सांगायचं नाही का, बळीराम!"

"सांगतलं नं, साहेब. वाचून घ्या म्हणालो. दोनी वेळा मीच म्हणालो, अन् एक डाव योगेश भैया."

महिनाअखेरीस पितळी पाटी बदलली. बळीराम स्टूल घेऊन तिथेच राहिला. आता त्याला खोटं बोलावं लागत नाही, कारण मॅडम आत नसल्या तर वर्गावर असतात. आणि पहिल्या तारखेला सकाळी विनताबाईंनी सरांच्या एका हातात पिशवी दिली आणि दुसऱ्यात भाजीची यादी.

"नीट वाचून घ्या. मागच्या वेळी मेथी सांगितली अन् तुम्ही पालक आणला."

सरांनी यादी हातात घेतली. खिशातून पेन काढलं आणि खाली झोकात सही केली.